सेवाग्रामचा उन्हाळा: विदर्भाच्या उन्हात गांधीजी कसे राहिले?

गोंदियात नवतपा सुरू झाला की दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेंदूपत्ता तोडणारी माणसं पहाटेच जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधायचा, निघण्यापूर्वी पाणी प्यायचं, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

याच मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, नागपूरच्या पलीकडे वर्धा आहे. तिथला उन्हाळा गोंदियापेक्षा सौम्य नाही. अशा ठिकाणी, ऐन एप्रिलअखेरीस, ६६ वर्षांचा एक माणूस राहायला गेला. वजन जेमतेम ४५ किलोच्या घरात, रक्तदाबाचा त्रास, काही महिन्यांपूर्वीच मोठ्या आजारातून उठलेला. पंखा नव्हता, वीज नव्हती. तो माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. गांधीजींच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यांच्या शरीरानं उष्णता कशी सोसली, ती सोसण्यासाठी त्यांनी काय केलं आणि त्यातलं आजच्या वैद्यकशास्त्राला किती पटतं, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

गिरगावातली एक रात्र

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरच्या समुद्रकाठी जन्म, १८८८ ते १८९१ लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, आणि १८९३ पासून दक्षिण आफ्रिका. आयुष्याची पहिली ४५ वर्षं गांधीजींचा मध्य भारताच्या उन्हाळ्याशी फारसा संबंध आला नाही. पाण्यानं आणि मातीनं शरीर थंड करण्याचा नाद मात्र त्यांना आधीच लागला होता. लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाची पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि त्याचे प्रयोग स्वतःवर, घरच्यांवरही करत होते.

१९०२ मध्ये ते काही काळ मुंबईत, गिरगावात राहत होते. तेव्हा दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, सोबत न्यूमोनिया. रात्री मुलगा वातात बरळू लागे. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला आणि कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवलं. ताप १०४ वर गेला. शेवटी त्यांनी चादर पाण्यात भिजवली, पिळली, मुलाभोवती गुंडाळली, वर दोन घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मुलाचं अंग तापलेल्या लोखंडासारखं झालं होतं आणि घामाचा थेंबही नव्हता. त्याला कस्तुरबांच्या हवाली करून ते चौपाटीवर फेरी मारायला गेले. परतले तेव्हा मणिलालला घाम फुटला होता आणि ताप उतरू लागला होता.

आत्मकथेत ही हकीकत त्यांनी स्वतः सविस्तर लिहिली आहे. पण तिचा अर्थ जपून लावायला हवा, कारण इथेच ताप आणि ऊन लागणं यांतला फरक कळतो.

१०४ फॅरनहाइट म्हणजे ४० अंश सेल्सिअस. उष्माघाताची सीमारेषाही हीच मानतात. आकडा एक असला तरी शरीरात घडतं ते वेगळं. तापात मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण जंतूंशी लढण्यासाठी स्वतःहून वरच्या आकड्यावर जातं. लढाई ओसरली की तेच नियंत्रण खाली येतं आणि घाम फुटतो. म्हणजे मणिलालचा घाम हे बहुधा ताप उतरण्याचं लक्षण होतं, कारण नव्हे. उष्माघातात नियंत्रण ३७ अंशांवरच असतं, पण बाहेरची आणि शरीराची स्वतःची उष्णता इतकी होते की ती बाहेर टाकणारी यंत्रणाच कोलमडते. म्हणून उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. आणि म्हणूनच ओल्या चादरीवर घोंगडी घालणं उष्माघातात घातक ठरेल. तिथे ओली चादर आणि वर जोराचा वारा हवा. पाणी वाफ होऊन उडालं पाहिजे, तरच ते अंगातली उष्णता नेतं. घोंगडी नेमकी तीच वाट बंद करते.

मीठ सोडलेला माणूस मिठासाठी चालला

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. त्या तयार होईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. हाच माणूस १२ मार्च १९३० ला मिठासाठी साबरमतीहून निघाला. वय ६०, अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, मुदत २४ दिवसांची.

गुजरातच्या मार्च-एप्रिलमध्ये ७८ सहकाऱ्यांसह रोज १५-१६ किलोमीटर चालायचं म्हणजे उन्हाचा हिशेब ठेवणं भाग होतं. दिवसाची चाल दोन तुकड्यांत वाटलेली होती, सकाळी आणि संध्याकाळी. भर दुपारी मुक्काम. सोमवारी मौन, म्हणून विश्रांतीही. त्यांच्यासाठी एक घोडा सोबत ठेवला होता, त्यावर ते बसले नाहीत. ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. आज मजुरांसाठीच्या उष्णता नियमावलीत हेच असतं: काम सकाळ-संध्याकाळ, दुपारी सुट्टी, आणि आठवड्यातून शरीराला सावरायला वेळ.

मिठाच्या मुद्द्यातही शरीरशास्त्र होतं. मीठ ही अशी गोष्ट आहे की ती गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त खावी लागते, म्हणून तिच्यावरचा कर सर्वांत अन्यायाचा, असं त्यांनी व्हाइसरॉयला २ मार्चच्या पत्रात कळवलं होतं. उन्हात राबणाऱ्याला तासाला एक ते दीड लिटर घाम येऊ शकतो आणि घामाबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ भरून काढलं नाही, तर पोटऱ्यांत गोळे येतात, गरगरतं, ओकारी येते. ताक, पन्हं, आंबील या उन्हाळी पेयांत मीठ असतं ते चवीसाठी तर असतंच, पण कामालाही येतं. उपासाच्या काळात गांधीजी स्वतः पाण्यात चिमूटभर मीठ किंवा खाण्याचा सोडा घालून घेत.

पण हा सल्ला सरसकट नाही. आठवडा-दोन आठवडे उन्हात वावरलं की शरीर सरावतं. घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, त्यातलं मीठ मात्र कमी होतं. घरात बसणाऱ्या, रक्तदाब असलेल्या माणसानं उन्हाळा म्हणून मीठ वाढवण्याची गरज नसते. पुढे गांधीजी स्वतःच अशा रुग्णांत मोडणार होते.

शेगावची पहिली दहा दिवसं

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरल्यावर जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं गांधीजी वर्ध्याला आले. डिसेंबर १९३५ मध्ये तिथेच त्यांचा रक्तदाब एकदम वाढला. मुंबईला नेऊन दात काढले, नंतर अहमदाबादला विश्रांती झाली. आणि ३० एप्रिल १९३६ ला पहाटे ते वर्ध्याहून पायी निघाले ते सात-आठ किलोमीटरवरच्या शेगावला. हेच पुढे सेवाग्राम झालं. मीराबेन तिथे आधीच राहत होत्या.

रक्तदाबाच्या रुग्णानं विदर्भात जाऊन राहायला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. उष्णता वाढली की शरीर रक्त कातडीकडे वळवतं, म्हणजे ते हवेत थंड व्हावं. एरवी कातडीकडे मिनिटाला अर्धा लिटरही रक्त जात नाही. कडक उन्हात ते सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. तेवढं रक्त ढकलायचं काम हृदयाचं. त्यात घामानं रक्तातलं पाणी घटलेलं असतं, म्हणजे कमी रक्तात जास्त काम. उन्हाळ्याच्या लाटेत दगावणाऱ्यांपैकी अनेकांच्या कागदावर उष्माघात नसतो. हृदयविकार, मूत्रपिंड निकामी, पक्षाघात अशा नोंदी असतात. वय वाढलं की तहानही कमी लागते. शरीर कोरडं पडतं आणि माणसाला पत्ता नसतो.

गांधीजींनी हे सोसलं का? पूर्ण नाही. काही दिवस शेगावात काढून मे महिन्यात ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर, थंड हवेत विश्रांतीला गेले. वल्लभभाई पटेलही सोबत होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ते शेगावात परतले. साधेपणाच्या गोष्टी सांगताना हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो, आणि ते बरोबर नाही. ज्याचं हृदय अशक्त आहे त्यानं लाटेच्या दिवसांत थंड जागी जाणं ही चैन नाही. गांधीजींना टेकडी मिळाली, गावातल्या म्हाताऱ्याला ती मिळत नव्हती. आज त्याला निदान ग्रामपंचायतीची, शाळेची किंवा दवाखान्याची थंड खोली मिळावी, एवढंच उष्णता कृती आराखड्यांचं मागणं असतं. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये देशातला असा पहिला शहरी आराखडा केला. त्यानंतर नागपूरसह विदर्भातल्या शहरांनीही ती वाट धरली.

मातीची भिंत काय करते?

शेगावात आधी आदि-निवास उभा राहिला. सगळे त्याच एका घरात राहत. मीराबेनसाठी बांधलेली एक कुटी पुढे गांधीजींकडे आली, तीच आजची बापू कुटी. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. आसपास मिळतं तेवढ्यातच बांधायचं ही अट होती. भिंतींवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवला. भोवती पडवी आहे, त्यामुळे मुख्य भिंतीवर सरळ ऊन फारसं येत नाही.

मे महिन्यात दुपारी त्या कुटीत शिरलं की फरक लगेच जाणवतो. त्यात जादू नाही. मातीची जाड भिंत उष्णता शोषते, पण ती आतल्या बाजूला पोहोचायला कित्येक तास लागतात. दुपारचं ऊन आत येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर दारं-खिडक्या उघडून बाहेरची गार हवा आत घेता येते. कवेलूंच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निसटते. शेणामातीनं सारवलेली जमीन ओलावा धरते आणि सोडते.

गोंदिया-भंडाऱ्याकडची जुनी घरं अशीच होती. आता तिथे टिनाची छतं आणि सिमेंटचे स्लॅब आले आहेत. टिन दुपारी भट्टी होतं, पण निदान रात्री लवकर निवतं. स्लॅब उलटा: दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो. शरीराला दिवसाचा ताण भरून काढायला रात्र लागते. रात्रीही घर ३५ अंशांवर राहिलं, तर दुसऱ्या दिवशी माणूस आधीच थकलेला असतो. माती परत आणा असं सांगणं सोपं आहे, पण दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायला आता माणसं मिळत नाहीत आणि माकडं कवेलू टिकू देत नाहीत. स्लॅबवर पांढरा चुना मारणं, टिनाखाली बांबूच्या चटईचं किंवा तणसाचं अस्तर देणं एवढं मात्र होण्यासारखं आहे.

आश्रमाचा दिवस पहाटे चारच्या सुमारास प्रार्थनेनं सुरू होई. सकाळ-संध्याकाळ फिरणं, दुपारी थोडी झोप, उन्हाळ्यात रात्री उघड्यावर अंथरूण. दुपारी डोक्यावर ओलं फडकं आणि पोटावर मातीची पट्टी. आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ मध्ये त्यांनी आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात या पट्टीचं मापही आहे: तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड. ओल्या चादरीचा उपाय त्यांनी घामोळ्यांसाठीही सुचवला आहे.

आजचं वैद्यक या पट्टीला अर्धेच गुण देईल. डोक्यावरच्या ओल्या फडक्यानं बरं वाटतं, पण एवढ्याशा जागेतून शरीराच्या आतलं तापमान फारसं उतरत नाही. पाण्याची ताकद मोठी आहे. एक लिटर घाम किंवा पाणी कातडीवरून उडालं तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ती ताकद वापरायची तर सगळं अंग ओलं हवं आणि वारा हवा. ओला पंचा खांद्यावर, हात-पाय वारंवार भिजवणं, ओल्या बनियनवर पंखा हे त्यापेक्षा अधिक कामाचं.

त्यांच्या पंचाबद्दलही गैरसमज आहे. १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी पोशाख कमी केला तो गरिबांसारखं राहण्यासाठी, उकाड्यासाठी नव्हे. सावलीत उघडं अंग घाम सुकवतं, हे खरं. पण हवाच ४५ अंशांची असेल तर ती कातडीला थंड करण्याऐवजी तापवते, वर उन्हाचा मारा वेगळा. म्हणून भर उन्हात सैल, फिकट सुती कपड्यांनी अंग झाकलेलंच बरं. विदर्भाचा दुपट्टा इथे पंचाला मागे टाकतो.

आणखी एक गोष्ट सेवाग्रामला लागू पडते, पण गोंदियाला तितकीशी नाही. ओलं फडकं, वाळ्याचे पडदे, माठ, डेझर्ट कूलर हे सगळं कोरड्या हवेवर चालतं. गोंदिया तळ्यांचा, धानबांध्यांचा जिल्हा. जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा वाढतो, पाणी उडत नाही, कूलर नुसती ओल फेकतो आणि घाम अंगावरून ओघळतो. पारा ४५ वरून ३९ वर आलेला असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. शरीरासाठी मात्र हे दिवस तितकेच, कधी जास्तच धोक्याचे. अशा वेळी कूलरचं पाणी बंद करून खिडक्या उघडायच्या, थंड पाण्यानं आंघोळ करायची आणि कष्टाचं काम थांबवायचं.

सरावलेलं शरीर

गांधीजींच्या प्रकृतीच्या नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. वजन ४६.७ किलो. फेब्रुवारी १९४० मध्ये रक्तदाब २२०/११०. हे आकडे घेऊन ते सेवाग्रामचे उन्हाळे काढत होते. मलेरियानंही त्यांना गाठलं, १९३६ मध्ये वर्ध्याच्या रुग्णालयात राहावं लागलं. प्रकृती फार बिघडली की ते जुहूच्या किनारी जात. १९४४ च्या मे महिन्यात कैदेतून सुटल्यावरही आधी जुहू आणि मग पाचगणी.

कृश शरीराचा उन्हात एक फायदा असतो: चरबी कमी, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. तोटा थंडीत कळतो. १९४७ मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांच्या वातानुकूलित खोलीत गांधीजी कुडकुडू लागले आणि यंत्र बंद करावं लागलं, अशी हकीकत सांगितली जाते. सरावलेल्या शरीराचंही असंच असतं. दिवसभर एसीत बसणाऱ्याचा उन्हाचा सराव काही आठवड्यांतच जातो. म्हणून सुट्टीत पुण्या-मुंबईहून गोंदियाला आलेला तरुण पहिल्याच दुपारी क्रिकेट खेळताना कोसळतो आणि धुऱ्यावर काम करणारा साठीचा शेतकरी उभा असतो. सरावालाही मर्यादा आहे. त्या शेतकऱ्याला ताप, जुलाब किंवा दारूची रात्र आदल्या दिवशी झाली असेल, तर तोही पडेल.

पडला तर ओळखायचं कसं? नुसता थकवा, घाम, डोकेदुखी असेल तर सावली, पाणी, ओआरएस आणि विश्रांती पुरते. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजायचा, मग अंगाला घाम असो वा नसो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत जोरानं वारा घालायचा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवायचा. इथे मिनिटं मोजायची असतात. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर मेंदू आणि मूत्रपिंडं वाचण्याची शक्यता खूप वाढते.

१९४६ मध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडलं. आधी दिल्ली, मग नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. परत येणं झालंच नाही. शेवटच्या हिवाळ्यात बिर्ला हाउसच्या हिरवळीवर ते नोआखालीच्या शेतकऱ्यांची रुंद टोपी घालून उन्हात बसत. ३० जानेवारी १९४८ ला तिथेच त्यांचा खून झाला. सेवाग्रामात त्यांची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी त्यांच्या आरोग्यावरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि आश्रमाजवळच्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. बापू कुटीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.